वेगळी पळी

यंदा मृग लागतांना आमच्या घरीं एक लहानशी सभा भरली. आमच्या थोरल्या बंधूंची नात पदवीच्या शिक्षणासाठीं चिखल्याहून नागपुरास निघाली होती. महाविद्यालय ठरलें होतें, राहण्यास खोली मिळाली होती, शुल्कही भरून झालें होतें. एवढ्या मोठ्या व्यवहारांत कोणास शंका उरली नव्हती. शंका उरली होती ती जेवणाची. मुलगी माळकरी घरची. कांदा-लसणाचें तिला वावडें नाहीं, पण मांसमासळीचा वास आला कीं ताटावरून उठते. अशा मुलीनें त्या शहरांत जेवावें कोठें? वहिनींनीं सर्वांकडे एकवार पाहिलें आणि निकाल दिला, "भाऊजी, तुम्ही तिथं पांच वर्षं काढलीत. तुम्हीच यादी करून द्या."

आम्हीं होकार दिला खरा. परंतु कागद पुढें घेऊन बसलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, ही यादी प्रामाणिकपणें करावयाची तर चाळीस वर्षांहून अधिक काळ मनांत ठेवलेली एक हकीकत आधीं बाहेर काढावी लागेल. वहिनींस ती सांगण्याचें धैर्य झालें नाहीं. वाचक परके असल्यामुळें त्यांना सांगणें सोपें वाटतें.

चिखला हें नांव बहुतेक वाचकांनीं ऐकलें नसेल. भंडारा जिल्ह्यांत, तुमसरच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें हें खाणीचें गांव आहे. पोलादास कणखरपणा आणणारें मँगनीज येथें जमिनीच्या पोटांतून काढतात. पूर्वीं खाण इंग्रजी कंपनीची होती. १९६२ सालीं तिच्या जागीं 'मॉईल' आली. तुमसर रोडहून तिरोडीकडे जो लोहमार्गाचा फांटा गेला आहे, तो या मुलखाची नाळ. खनिज त्याच वाटेनें बाहेर जाई आणि शिकावयास निघालेलीं मुलेंही बहुधा त्याच वाटेनें जात. गांवांत कपडे वाळत घातले कीं त्यांवर काळी धूळ बसते. आम्हां गांवकऱ्यांस तिचें कांहीं वाटत नाहीं, पाहुण्यांस मात्र फार वाटतें.

आणि हा भंडारा जिल्हा म्हणजे तळ्यांचा व धानाचा मुलूख. पावसाच्या पहिल्या पाण्याबरोबर मासे तळ्यांतून निघून धानाच्या बांध्यांत शिरतात आणि लहान पोरें सुद्धां त्यांना टोपलीनें धरतात. अशा ठिकाणीं मासळी न खाणारा मनुष्य म्हणजे नवलच. शाळेंत आमच्या डब्याकडे मुलें ज्या करुणेनें पाहत, ती आम्हांस अजून आठवते. वर्गांत आमच्यासारखा दुसरा एकच मुलगा होता. त्याचे आजोबा छत्तीसगडाकडून खाणीवर कामास आलेले; घर कबीरपंथी. आमच्या गळ्यांत तुळशीची माळ, त्याच्या गळ्यांत कंठी. दुपारच्या सुटींत आम्ही दोघे कडुलिंबाखालीं बसून एकमेकांची भाजी वाटून घेत असूं. त्याची आई लाखोरीच्या पाल्याची भाजी करी, तशी आम्हीं पुढें कोठेंच खाल्ली नाहीं.

१९७९ च्या उन्हाळ्याअखेर आम्ही दोघेही बरोबरच नागपुरास गेलों.

नागपूर हें फार दिवसांपासून शिकणाऱ्यांचें शहर आहे. हिस्लॉप महाविद्यालय १८८३ चें, मॉरिस महाविद्यालय १८८५ चें, विद्यापीठ १९२३ चें. मध्यप्रांताची राजधानी १९५६ सालीं गेली. विद्यार्थी मात्र येत राहिले. भंडारा, चांदा, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाडा अशा चहूंकडच्या मुलखांतून मुलें येत आणि बहुतेकांच्या खिशांत घरच्या धानाच्या विक्रीचे मोजके पैसे असत. पुण्याच्या जुन्या विद्यार्थ्यांनीं वार लावून व माधुकरी मागून विद्या केली, हें आपण कौतुकानें वाचतों. तें कौतुक खरेंच. पण वार ज्याला मिळत त्यालाच मिळत. दार कोणाच्या हाकेला उघडावयाचें, हें आंतील माणसें ठरवीत. त्या मानानें पैसे घेऊन वाढणारी खानावळ ही आम्हांस मोठी सुधारलेली संस्था वाटत असे. पैसे मोजले कीं ताट पुढें यावें, यापेक्षां साधा करार तो कोणता? नागपुरास गेल्यावर पहिल्याच आठवड्यांत आमचा हा समज दूर झाला.

आमच्या खोलीपासून जवळच एक भोजनालय होतें. नांव सांगण्याचें कारण नाहीं. आतां तें नाहींही. दारावर 'शुद्ध शाकाहारी' अशी ठळक पाटी होती. माळ आणि कंठी दोघांनाही ती पाटी घरच्यासारखी वाटली. दोन वेळच्या जेवणाचे महिन्याचे नव्वद रुपये, तेही आगाऊ. चालकांनीं वही उघडली, आमचें नांव विचारलें, आडनांव विचारलें, लिहिलें, पैसे घेतले. मग मित्राचें नांव विचारलें, आडनांव विचारलें, आणि लेखणी थांबली. ती थांबलेली लेखणी आम्हांस आजही दिसते. चालक अत्यंत सौम्य स्वरानें म्हणाले, "एकच जागा होती. आता भरली."

२६ जानेवारी १९५० पासून अंमलांत असलेल्या आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें व हॉटेलें यांचा मुद्दाम उल्लेख आहे. धर्म, जात, जन्मस्थान यांवरून तेथें कोणास अटकाव करतां येत नाहीं. ज्यांनीं घटना लिहिली त्यांना खानावळीचा उंबरठा किती उंच असतो, हें पुरतें ठाऊक होतें. १९५५ सालीं तर असा अटकाव करणें हा कायद्यानें गुन्हा ठरला. परंतु 'जागा भरली' हें वाक्य कोणत्या कलमाखालीं आणावें? चालकांनीं जात विचारली नव्हती. शिवी दिली नव्हती. उलट जातांना मित्रास पाणी हवें का, म्हणून विचारलें होतें.

येथवरची गोष्ट वाचून आम्हीं तत्क्षणीं पैसे परत मागितले असतील, अशी समजूत कोणी करून घेईल, तर ती चुकीची आहे. नव्वद रुपये ही घरच्या महिन्याच्या खर्चांतील मोठी रक्कम होती. आम्हीं आठ दिवस तेथें जेवण केलें. वरण असें असे कीं त्यांत डाळीचा शोध घ्यावा लागे, पण तें शुद्ध होतें. मित्र त्या आठ दिवसांत रस्त्याकांठच्या गाडीवर सकाळीं पोहे खाई आणि रात्रीं काय खाई तें आम्हांस सांगत नसे. आम्ही विचारीतही नव्हतों. नवव्या दिवशीं पंगतींत शेजारच्या मुलानें आमच्या गांवाविषयीं चौकशी केली आणि मग सहज म्हटलें, "बरं झालं, इथं सगळे आपलेच आहेत." घास तोंडांत होता, तो गिळला, पुढचा घेतां येईना. उठलों. उरलेल्या दिवसांचे पैसे चालकांनीं दिले नाहींत, आणि आम्हांसही ते मागण्याचा अधिकार उरला आहे असें वाटलें नाहीं.

सायंकाळीं मित्रास गांठलें. त्यानें आमच्याकडे पाहिलें, सर्व ओळखलें आणि एवढेंच म्हटलें, "मी जेवतो तिथं चाल. पर आत मटन शिजते, आधीच सांगतो."

गोळीबार चौकाच्या बाजूस एका बोळांत तें घर होतें. सावजी जेवण म्हणजे काय, हें नागपूरकरांस सांगावयास नको. इतरांसाठीं थोडें सांगतों. इतवारी, महाल, गोळीबार चौक या भागांत हलबा कोष्टी विणकरांची जुनी वस्ती आहे. १८७७ सालीं जमशेटजी टाटांनीं नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली, आणि पुढें गिरण्यांच्या कापडापुढें हातमाग हळूहळू बसत गेले. जेथें मागाचा खटखटाट चाले, तेथें कित्येक घरांनीं ओसरीवर चूल मांडली आणि घरचाच स्वयंपाक विकावयास काढला. त्या स्वयंपाकाचा प्राण म्हणजे मसाला. धने, मिरे, लवंग, दालचिनी, दगडफूल, खसखस, सुकें खोबरें असे कितीतरी जिन्नस भाजून वाटतात. रस्सा जवळजवळ काळा दिसतो आणि वर तेलाची लाल तर्री तरंगते. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी येतें, दुसऱ्याला कानांत ऊब जाणवते, आणि तिसऱ्यानंतर मनुष्य बोलेनासा होतो. सावजी म्हटलें कीं लोक मटणाचें नांव काढतात. पण त्याच मसाल्यांत पाटोडी शिजते, डाळकांदा शिजतो, आणि हें ज्यानें खाल्लें नाहीं त्या शाकाहारी मनुष्यानें नागपूर पाहिलें असें आम्ही म्हणणार नाहीं.

पाटोडीविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे. बेसन मसाल्याच्या पाण्यांत घट्ट शिजवावयाचें, तेल लावलेल्या ताटांत थापावयाचें, वर खोबरें व सांबार पेरावयाचा (आमच्याकडे कोथिंबिरीस सांबार म्हणतात, त्यावरून दक्षिणी मंडळींशीं फार घोटाळे होतात), मग शंकरपाळ्यासारख्या वड्या कापून वाढतेवेळीं त्यांवर कढत रस्सा ओतावयाचा. वडी आधीं सोडली तर विरघळते, उशिरां सोडली तर कोरडी राहते. तो क्षण ज्या हातास कळतो त्या हातास आम्ही वंदन करतों. आमच्या मुलखाचें शाकाहारी जेवण बरेंचसें हरभऱ्यावर उभें आहे. झुणका हरभऱ्याचा, गोळाभातांतला गोळा हरभऱ्याचा, पाटोडी हरभऱ्याची, सांबारवडीचें आवरण हरभऱ्याचें, आणि सकाळच्या पोह्यांवर ओततात ती तर्रीही हरभऱ्याचीच. वैशाखांत पालेभाजी मिळेनाशी होते तेव्हां घरांत जें डाळीचें पीठ असतें, त्यानें एवढीं रूपें घेतलीं आहेत. गरिबीनें शिकविलेला स्वयंपाक श्रीमंतांच्या पंगतीस कसा पोंचतो, याचें हें आमच्या ओळखीचें उदाहरण.

त्या घराच्या मालकिणीस सर्व विद्यार्थी मावशी म्हणत. पहिल्या रात्रीं आम्ही दारांत घुटमळलों, तेव्हां तिनें आमच्या गळ्याकडे पाहिलें आणि म्हणाली, "ये न बाबू. ह्याच्यासारखाच काय तू? तुमची चूल अलग, गंज अलग, पळी अलग." खरोखरच भिंतीशीं दोन चुली होत्या, आणि एका खिळ्यावर लोखंडी पळी वेगळी टांगलेली होती. मित्रासाठीं तिनें आठ दिवसांपूर्वीं ती विकत आणली होती. 'शुद्ध' अशी पाटी त्या घरावर नव्हती. पाटी मुळींच नव्हती.

आम्ही तेथें पांच वर्षें जेवलों. चुका झाल्या नाहींत असें नाहीं. एकदां हाताखालच्या पोरानें घाईंत मटणाची पळी आमच्या रस्स्यांत बुडविली. आम्हांस तें दिसलें नव्हतें. न सांगतां वाढलें असतें तर कळलेंही नसतें. मावशीनें तो सबंध गंज उचलून मांसाहारी पंगतीकडे दिला, हात धुतले आणि आमच्यासाठीं नव्यानें झुणका टाकला. जेवावयास रात्रीचे दहा वाजले. पोराला ती जें बोलली तें येथें लिहितां येण्यासारखें नाहीं. त्या रात्रीपासून आम्हीं चुलीकडे पाहण्याचेंच सोडून दिलें.

आतां राहिलें तें घरचें. आईस आम्हीं यांतलें कांहीं कळविलें नव्हतें. पत्रांत 'जेवणाची सोय उत्तम आहे' एवढें लिहीत असूं, आणि तें खोटें नव्हतें. अशीं तीन वर्षें गेलीं. १९८२ सालीं आईच्या डोळ्यांतील मोतीबिंदू काढावयाचा ठरला व ती नागपुरास आली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं तिला कोठें जेवूं घालावें? सीताबर्डीवर उडुपी पद्धतीचें एक स्वच्छ उपाहारगृह होतें. तेथें नेण्याचा आमचा बेत होता. आईनें विचारलें, "तू रोज कुठं जेवतोस?" आम्हीं गोलमाल उत्तर दिलें. तिनें पुन्हां तेंच विचारलें. ज्या डोळ्यांनीं तिला त्या दिवसांत आमचा चेहराही नीट दिसत नव्हता, ते तिनें आमच्यावर रोखून धरले, आणि आम्हीं बोळापासून पळीपर्यंत सर्व सांगून टाकलें. मित्राची गोष्ट सांगितली. आठ दिवसांची गोष्ट सांगितली. तीच सांगतांना अधिक जड गेलें.

आई बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग पदर सांवरून उठली. "चल, दाखव."

तिन्हीसांजेस आम्ही तिला घेऊन गेलों. मित्रही होता. आई चुलीपाशीं गेली, वांकून दोन्ही गंज जवळून पाहिले, खिळ्यावरची पळी हातीं घेतली, तिच्या कडेवरून बोट फिरविलें आणि परत टांगली. मावशी पाटावर बसून तिच्याकडे बघत होती. दोघींची धानाच्या भावावरून, मग मुलांवरून बोलणीं सुरू झालीं. मावशीनें ताट वाढलें. आई म्हणाली, "बाई, मले माफ कर. माह्यानं नाही होणार." मावशी म्हणाली, "राहू दे न माय. केळं खाशील?" आईनें केळें घेतलें. आम्हां दोघांस तिनें जेवावयास बसविलें आणि आम्ही जेवून उठेपर्यंत समोर बसून राहिली. मित्राच्या ताटांतील भाकर संपली, तेव्हां दुरडींतली दुसरी तिनें स्वतःच्या हातानें त्याला वाढली.

आई रागावली होती कीं नाहीं, हें आम्हांस कधींच समजलें नाहीं. ती तेथें जेवली नाहीं, पुढेंही कधीं जेवली नाहीं. आणि तेथें जाऊं नको, असेंही कधीं म्हणाली नाहीं. दिवाळीच्या सुटीनंतर परत निघतांना तिनें तांदळाच्या थैलींत फडक्यांत गुंडाळलेली एक वस्तु घातली. गाडींत बसल्यावर उघडून पाहिली. घरची पितळी पळी होती, आजीच्या वेळची. मावशीनें लोखंडी पळी काढून त्या खिळ्यावर ती टांगली. आमच्यानंतर आलेल्या माळकरी, कबीरपंथी व महानुभाव मुलांस कित्येक वर्षें त्याच पळीनें वाढलें जात असे, असें ऐकतों.

असो. यादी केली. तर्री-पोहे प्रथम लिहिले, कारण नागपुरास विद्यार्थ्याचा दिवस तेथूनच सुरू होतो. कस्तूरचंद पार्काच्या बाजूस गाड्या लागतात, सकाळीं लौकर जावें. बिकानेरहून येऊन या शहरांत वाढलेल्या हल्दीरामचें नांव घातलें. पोटभर जेवणास नव्हे, पण घरची आठवण आली कीं संत्रा बर्फी बरी. विष्णु मनोहर यांची 'विष्णूजी की रसोई' घातली. तेथें मराठी शाकाहारी पंगत मिळते, मात्र तें पाहुणे आल्यावर जाण्याचें ठिकाण, रोजचें नव्हे. उडुपी पद्धतीचीं दोन-तीन उपाहारगृहें घातलीं. इडली-डोशास आम्ही अजूनही जेवण मानीत नाहीं, हें आमचें मागासलेपण वाचकांनीं क्षम्य मानावें.

वहिनींनीं यादी चष्मा लावून वाचली आणि प्रत्येक नांवापुढें एकच प्रश्न केला, "आंत दुसरं कांहीं शिजत नाहीं ना?" बंद पाकिटावर हिरवा ठिपका छापण्याचा नियम २००१ सालीं आला, तेव्हांपासून त्यांची पाकिटांविषयीं खात्री झाली आहे, पळीवर तसा ठिपका छापतां येत नाहीं, ही त्यांची अडचण. सर्व नांवें उत्तीर्ण झालीं. बोळांतल्या घराचें नांव आम्हीं लिहिलेंच नव्हतें. रात्रीं मुलीची पेटी भरली गेल्यावर आम्हीं कागद पुन्हां काढला आणि अगदीं खालीं, पेन्सिलीनें, तो पत्ता लिहिला.

परवां तिचा फोन आला. पोह्यांची गाडी तिला सांपडली आहे, मेसमधलें वरण पातळ आहे, आणि शेजारच्या खोलींतली गडचिरोलीची मुलगी हिच्याबरोबर जेवते. मग तिनें आवाज थोडा खालीं आणून विचारलें, "आबा, ते पेन्सिलीनं लिहिलेलं काय आहे? आम्ही दोघी गेलों होतों. तिथं आतां मोबाईलचं दुकान आहे. समोरचे एक म्हातारे म्हणाले, त्या घरची सून मागच्या गल्लींत डबे करून देते. पण मटणाचेही करते म्हणे. विचारूं का तिला?"

फोनवर मागें कोणी तरी पातेलें घांसत असल्याचा आवाज येत होता. आम्हीं म्हटलें, "विचार. आणि पितळी पळी अजून आहे का, तेंही विचार."